पहिला एट्यूड की दुसरा?

पोलिश संगीतकार शोपँच्या १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस १० या संग्रहातला पहिला एट्यूड (वादनतंत्राच्या सरावासाठी रचलेली रचना) अधिक अवघड की दुसरा, हा वाद ठाण्यातल्या माझ्या पियानोच्या शिकवणीत वारंवार निघतो. पहिल्यात उजवा पंजा सप्तकापलीकडे ताणून आर्पेजिओ, म्हणजे स्वरमेळातले स्वर एकामागून एक, अखंड वाजवावे लागतात; दुसऱ्यात मधले बोट, अनामिका आणि करंगळी एकमेकांना ओलांडत अर्धस्वरांची धाव सांभाळतात, तर अंगठा व तर्जनी त्याच हाताने स्वरमेळ देतात. लांब बोटांच्या एका विद्यार्थ्याला पहिला सहज साधतो, पण दुसऱ्यात त्याची अनामिका पहिल्याच पानावर आखडते. लहान हातांच्या विद्यार्थिनीचे नेमके उलटे आहे, त्यामुळे दोघांना एकच क्रमवारी लावणे मला अन्यायाचे वाटते. मला स्वतःला दुसराच कठीण जातो, विशेषतः करंगळी थकल्यावर.