सोसायटीच्या रस्त्याचे व्हाइट टॉपिंग: कामाचा अनुभव

दर पावसाळ्यात उखडणाऱ्या आमच्या सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर यंदा उन्हाळ्यात व्हाइट टॉपिंग, म्हणजे जुने डांबर पायाला ठेवून त्यावर 100 मिलिमीटर काँक्रीटचा थर, करून घेतले. मिलिंग यंत्राने वरचे डांबर खरवडल्यावर कामगारांनी हवेच्या झोताने कानाकोपऱ्यातील धूळ काढली, याचे मला विशेष कौतुक वाटते. कारण या पद्धतीची सारी भिस्त काँक्रीट डांबराला घट्ट चिकटण्यावर असते आणि दोन्ही थर एकजीव झाले, तरच इतका पातळ थर वाहनांचा भार पेलतो. साधारण मीटरभर चौकोनांचे सांधेही (काँक्रीटमधील खाचा) त्याच रात्री कापले गेले, म्हणून वेड्यावाकड्या भेगा टळल्या.

क्युरिंगमध्ये, म्हणजे नवे काँक्रीट पाण्याने ओले ठेवण्यात, मात्र कंत्राटदार कमी पडला. चौथ्याच दिवशी गोणपाट कोरडे ठणठणीत दिसले आणि टँकरसाठी आम्हालाच पाठपुरावा करावा लागला. रस्त्याची उंची वाढल्याने चेंबरची दोन झाकणे खाली राहिली होती, तीही सांगितल्यावरच उचलली गेली.

जिथे खालचे डांबर भक्कम आहे, तिथे हे काम मी निःसंकोच सुचवेन. खचलेला पाया आधी दुरुस्त करावाच लागतो. आमच्याकडे पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठेही साचले नाही.