होस्टिंगचा जोडधंदा: रिसेलर खाते घ्यावे की स्वतःचा व्हीपीएस?

रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यात होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा देण्याच्या सेवेचा, ग्राहक बहुधा ठरलेला असतो: पेट्या थेट घरपोच पाठवणारा आंबा बागायतदार, तारकर्लीचा घरगुती निवास-न्याहारीवाला, एखादी शाळा किंवा पतसंस्था. यांच्या संकेतस्थळांना जागा थोडी लागते आणि वर्दळही बेताचीच असते. नोकरी सांभाळून ही सेवा देऊ पाहणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. मोठ्या कंपनीचे रिसेलर खाते घेऊन त्यातली जागा ग्राहकांना वाटून द्यायची, किंवा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा स्वतंत्र आभासी हिस्सा, भाड्याने घेऊन त्यावर सगळी व्यवस्था स्वतः उभी करायची. घरातल्याच संगणकावर होस्टिंग करण्याचा विचार कोकणातल्या पावसाळी विजेचा अनुभव असलेला माणूस करणार नाही.

निव्वळ भाडे पाहिले तर व्हीपीएस स्वस्त वाटतो, पण ग्राहकांची खाती सांभाळायला पॅनेल नावाचे सॉफ्टवेअर लागते आणि २०१९ मध्ये सीपॅनेल या प्रचलित पॅनेलने खात्यांच्या संख्येनुसार परवाना शुल्क लावल्यापासून हा हिशेब पालटला आहे. हेस्टियासारखे मोफत पॅनेल वापरता येते. मात्र लिनक्स या सर्व्हरच्या कार्यप्रणालीची डागडुजी, पीएचपी या संकेतस्थळांच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्त्या आणि सुरक्षा अद्यतने मग स्वतःलाच पाहावी लागतात. रिसेलर खात्यात पॅनेलचा खर्च बहुधा भाड्यातच धरलेला असतो. समजा चाळीस ग्राहकांकडून वर्षाला प्रत्येकी २,००० रुपये घेतले, तर ८०,००० रुपये जमा होतील. त्यातून भाडे, बिलिंगची प्रणाली आणि बॅकअपची जागा वजा केल्यावर जे उरते, त्याला जोड उत्पन्न म्हणता येईल, पगार नव्हे. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित करणारे एसएसएल प्रमाणपत्र मोफत मिळू लागल्याने त्यावरची पूर्वीची कमाईही संपली आहे.

खरी डोकेदुखी ईमेलची आहे. रिसेलर खात्यात आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) बहुधा अनेकांचा मिळून एकच असतो, त्यामुळे कुणा अनोळखी शेजाऱ्याने स्पॅम पाठवले की आपल्या बागायतदाराची ऑर्डरची पोचही मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाते आणि आपण कंपनीकडे तक्रार नोंदवण्यापलीकडे काही करू शकत नाही. व्हीपीएसवर आयपी आपला असतो, पण बऱ्याच कंपन्या पोर्ट २५ (सर्व्हरवरून ईमेल पाठवण्याचा मार्ग) बंदच ठेवतात, शिवाय नव्या आयपीची पत शून्यापासून कमवावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रेषकांसाठीचे एसपीएफ, डीकेआयएम या ओळख पटवणाऱ्या नोंदींचे नियमही कडक केले आहेत. माझ्या मते दोन्ही मार्गांत ईमेल होस्टिंगपासून वेगळे काढून स्वतंत्र सेवेकडे सोपवावे आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून उघडपणे वेगळे घ्यावेत.

निर्णय मात्र वेगळ्याच मुद्द्यावर व्हावा, असे वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अनेक गावांची वीज आणि मोबाइल सेवा खंडित झाली. अशा वेळी मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर चालूच असतो. संपर्काबाहेर जातो तो सर्व्हर सांभाळणारा माणूस. रिसेलर खात्यात सर्व्हर बिघडला तर कंपनीचे लोक तो पाहतात. व्यवस्थापनाविना घेतलेल्या व्हीपीएसवर डेटाबेस बंद पडला, तर आपली रेंज येईपर्यंत सगळी संकेतस्थळे बंद राहतात. त्यातून आंब्याचा आणि पर्यटनाचा हंगाम बराचसा एप्रिल-मेमध्ये एकवटलेला असल्याने ग्राहकाला वर्षभराच्या अखंड सेवेपेक्षा त्या दोन महिन्यांतल्या चार तासांचे मोल अधिक वाटते.

कायद्याची बाजूही पाहावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. व्हीपीएसवर हे लॉग सांभाळायला दुसरे कोणी नसते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा २० लाखांची असली, तरी परदेशी कंपनीकडून सर्व्हर घेणाऱ्याने कर सल्लागाराला आधी विचारावे. सरकारी नोकरीत असणाऱ्याने तर व्यवसाय सुरू करण्यापूर्वी वर्तणूक नियमांखालील परवानगी पाहावी.

तेव्हा लिनक्स हाताखालचे असेल आणि पुण्या-मुंबईत बसून सर्व्हरवर हात फिरवू शकणारा भरवशाचा भागीदार असेल, तरच व्हीपीएस घ्यावा. एकट्याने करायचे असेल तर रिसेलर खातेच बरे, पण आठवड्याचा बॅकअप वेगळ्या कंपनीकडे ठेवावा आणि प्रत्येक डोमेन (संकेतस्थळाचे नाव) ग्राहकाच्याच नावे नोंदवावे, म्हणजे पुढे धंदा बंद केला किंवा कंपनी बदलली तरी कुणाचे डोमेन अडकून पडणार नाही.