जुना सर्व्हर : चालू ठेवावा, स्थलांतरित करावा की निवृत्त करावा?

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल-चादरीच्या एखाद्या जुन्या कारखान्यात असा एक सर्व्हर हमखास सापडतो, ज्याला हात लावायचा नाही एवढे सर्वांना ठाऊक असते, पण तो नेमके काय करतो हे कोणालाच सांगता येत नाही. २५० वॅटचा असा सर्व्हर अहोरात्र चालल्यास वर्षाला सुमारे २,१९० युनिट वीज लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या खोलीच्या एसीचे बिल वेगळेच.

तो वापरात आहे का, हे विचारून ठरवावे की नोंदी पाहून? विचारल्यास ‘लागतो कधीतरी’ हेच उत्तर मिळते. लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो त्या वापराच्या नोंदी, अधिक विश्वासार्ह असतात. मात्र बॅकअप आणि अँटिव्हायरस यांचे आपोआप होणारे लॉगिन वगळून माणसांचेच लॉगिन मोजावे लागते, आणि तेही पूर्ण वर्षाचे, कारण दिवाळीपूर्वी बोनसचा हिशेब करणारा प्रोग्राम मे ते जुलैच्या लॉगमध्ये मृतच दिसेल. नोंदी कोऱ्या निघाल्या तर मार्चअखेरीची घाई टाळून महिनाभर फक्त नेटवर्कची केबल काढून ठेवावी आणि कोणाची तक्रार येते का ते पाहावे. वीज मात्र लगेच तोडू नये. वर्षानुवर्षे फिरत राहिलेली हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच असे नाही.

पुढचा निर्णय प्रोग्राम हवा आहे की केवळ त्यातील माहिती, यावर अवलंबून आहे. १ जुलै २०१७ पूर्वीच्या, म्हणजे व्हॅटच्या काळातील हिशेबासाठी सर्व्हर चालू ठेवणे सर्वांत सोपे वाटते, पण तेच सर्वांत धोक्याचे आहे. विंडोज सर्व्हर २००८ आर२ या सर्व्हरच्या जुन्या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि मे २०१७ मध्ये फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो अद्ययावत न केलेल्या यंत्रांमधूनच. सगळा इतिहास नव्या प्रणालीत नेणे आकर्षक असले, तरी जुने ग्राहक-कोड आणि मालाची बदललेली नावे जुळवण्यात हिशेबनिसाचे महिने जातात आणि उघडून पाहिली जातात ती मोजकीच बिले. म्हणून खातेवह्या, बिले आणि ताळेबंद पीडीएफ व एक्सेलमध्ये काढून, दोन ठिकाणी ठेवून आणि काही बिले प्रत्यक्ष उघडून पाहून सर्व्हर बंद करणे मला योग्य वाटते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे, तर जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. अपील किंवा तपास चालू असल्यास त्याहूनही अधिक काळ. पगारपत्रके मात्र मी मुदत संपल्यावरही पुसणार नाही, कारण भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीतील चूक कामगाराच्या लक्षात येते ती बहुधा निवृत्तीच्या वेळी.

जॅकार्डची, म्हणजे मागावर कापडातच विणली जाणारी नक्षी तयार करणारा जुना संगणक या हिशेबात बसत नाही. त्यातील फाइल काढून घेतल्या तरी त्या उघडणारा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नसेल, तर तेथे माहितीपेक्षा यंत्रच मोलाचे ठरते. असा संगणक इंटरनेटपासून कायमचा तोडून, डिस्कची हुबेहूब प्रत काढून चालू ठेवावा.

निवृत्त सर्व्हरची डिस्क पूर्ण पुसून किंवा फोडूनच तो द्यावा, आणि तोही भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला. त्यावरील सॉफ्टवेअरच्या परवान्याचे वार्षिक नूतनीकरण त्याच दिवशी थांबवावे. बंद यंत्राचे पैसे भरत राहणे वाटते तितके दुर्मीळ नाही.