पाव मापाची मिकू, नऊ महिन्यांनंतर

हात्सुने मिकूची ही रंगवलेली प्लास्टिकची मूर्ती, इथं टोकियोत जिला फिगर म्हणतात ती, फेब्रुवारीत घेतली, आता नोव्हेंबर संपत आला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर आरतीच ओवाळली असती, आणि ऑगस्टात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. आता दोन्ही ओसरलंय, म्हणून हात घातला.

मिकू कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीनं ३१ ऑगस्ट २००७ ला गाणं म्हणणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्याच्या खोक्यावर केई या चित्रकारानं काढलेली फिरोजी केसांची मुलगी, ती हात्सुने मिकू. काटेकोर बोलायचं तर ती जपानी कार्टूनपटातलं, म्हणजे अ‍ॅनिमेतलं पात्रही नाही. तिला मूळची गोष्टच नाही, जो गाणं करेल त्याची ती गायिका. पण फिगरच्या दुकानात हा वाद कुणी घालत नाही, तिथं सगळ्यांत जास्त जागा बहुतेक वेळा तिलाच असते. कंपनीनं तिची उंची १५८ सेंटिमीटर दिली आहे. तिला चारानं भागा, साडेएकोणचाळीस. म्हणून १/४ मापाची, माझ्या भाषेत पाव मापाची. बैठक धरून माझ्या टेपवर ४३ भरली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ किलो ६४० ग्रॅम.

बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. पुढं तक्रारी आहेत आणि माझ्याकडे आलेला नगच तसा असू शकतो.

माझ्याकडे आधी १/७ मापाच्या तीन होत्या. १/७ ची मिकू साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे ही उंचीला पावणेदोनपट, एवढंच ना, असं मला वाटलं होतं. पण उंची पावणेदोनपट झाली की पृष्ठभाग तिप्पट होतो आणि आकारमान पाचपटीच्याही वर जातं. आतून पोकळ असते म्हणून वजन त्या हिशोबानं वाढत नाही, पण रंग तिप्पट जागेवर बसवावा लागतो, सांधे पावणेदोनपट लांबीचे दिसतात, आणि सगळा भार त्याच दोन घोट्यांवर येतो. किंमत मात्र त्या पटीत लावली तर कोण घेणार? मग कुठंतरी हात आखडता घ्यावा लागतो. तो कुठं घेतलाय हे बघणं म्हणजेच या मापाची फिगर बघणं. लहान फिगरमध्ये ते लपून जातं.

घेतली कशी तेही सांगतो. फेब्रुवारीत माकुहारी मेस्से या प्रदर्शनाच्या जागी वंडर फेस्टिव्हल ही फिगरची जत्रा असते, वर्षातून दोनदा भरते, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. ओसाकाची कायोदो कंपनी भरवते. हौशी मूर्तिकार स्वतः घडवलेले सुटे भाग, म्हणजे गॅरेज किट, घेऊन बसतात, आणि त्यांना ते पात्र विकायचा त्या एका दिवसापुरताच हक्क दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी तीच मूर्ती विकली तर बेकायदा. तिथं मोठ्या कंपन्यांच्या दालनात काचेआड पाव मापाच्या रंगवलेल्या फिगर ओळीनं उभ्या होत्या. मी तासभर तिथंच. या मापात सगळ्यांत नावाजलेली मालिका म्हणजे फ्रीइंग कंपनीची बी-स्टाइल, पण ती बहुतेक सशाच्या तोकड्या पोशाखातली. घरी आई येणार होती, तो विषय मी तिथंच सोडला.

पुढच्या शनिवारी अकिहाबारा, या दुकानांचा टोकियोतला भाग. निशी-कासाईहून मेट्रोच्या तोझाई लाइननं कायाबाचो, तिथून हिबिया लाइन. रेडिओ काइकान ही स्टेशनसमोरची इमारत मजल्यामागून मजला याच दुकानांनी भरलीय. काही दुकानांत काचेचे छोटे कप्पे भाड्यानं देतात, कुणीही आपली जुनी फिगर ठेवून किंमत लावावी. माझी तिथली नाही, एका जुन्या मालाच्या दुकानातली. इथं जुन्या मालाला शाळेसारखी श्रेणी देतात: फिगर ए-वजा, खोकं बी. चिठ्ठीवर बारीक अक्षरात ‘तंबाखूचा किंचित वास’ असंही लिहिलेलं होतं. २८ हजार येन, आपले साधारण सोळा हजार रुपये. वास खरोखरच होता. आठवडाभर उघड्यावर ठेवल्यावर गेला.

खोकं पन्नास बाय चाळीस बाय पस्तीस. परत येताना कायाबाचोला एका आजोबांनी उठून मला जागा दिली, त्यांना बहुतेक आत मायक्रोवेव्ह वाटला असावा.

आता चांगलं काय ते. केस. मिकूच्या दोन शेपट्या घोट्यापर्यंत येतात, आणि या मापात त्यातली प्रत्येक बट वेगळी सुटते. टोकांकडे प्लास्टिक अर्धपारदर्शक होत गेलंय. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून पडदा ओलांडून जो उजेड येतो त्यात ती टोकं आतून पेटल्यासारखी दिसतात. १/७ मध्ये हे होत नाही, तिथं टोक संपेपर्यंत जाडी कमी करायला जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे बाह्या. मिकूचा पोशाख यामाहाच्या डीएक्स-७ या १९८३ च्या सिंथेसायझरवरून घेतलाय, बाहीवर त्याच्या बटणांची पट्टी असते. लहान फिगरवर ती हिरव्या ठिपक्यांची नक्षी वाटते. इथं एकेक बटण मोजता येतं. मी मोजली. डाव्या दंडावरचा तांबडा ‘०१’ सुद्धा काठाला कुठं फुटलेला नाही.

डोळ्यांबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण मी पेणचा. आमच्या आळीत गणपतीचे दोन कारखाने होते. साच्यातून मूर्ती काढणं, सांध्याची रेघ घासणं, अंगाचा रंग मारणं ही कामं कोणीही पोरगा करायचा, मीही सुट्टीत केलीत. पण डोळ्यांच्या आखणीला एकच माणूस. तो बसला की रेडिओ बंद. बुबुळ केसभर वर गेलं की बाप्पा रागावलेला दिसतो, आणि त्या मूर्तीला गिऱ्हाईक हात लावत नाही.

फिगरचे डोळे हातानं आखलेले नसतात. कोरलेल्या पट्टीवर शाई भरतात, त्यावर सिलिकॉनचा मऊ गोळा दाबतात, शाई गोळ्याला लागते, आणि तो गोळा चेहऱ्यावर टेकवला की गालाच्या गोलाईसकट डोळा उमटतो. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि जागा तीच राहिली पाहिजे. नखाएवढ्या डोळ्याला ही पद्धत अप्रतिम आहे. पण इथं डोळा जवळपास दोन सेंटिमीटर उंच. फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेला तर बुबुळाच्या फिक्या होत जाणाऱ्या रंगात छपाईचे ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत हे खरंय. पण मला एकदा दिसले ते दिसले. एवढ्या मोठ्या डोळ्याला वरून एक हात पारदर्शक चकाकीचा द्यायला हवा होता. आमच्या आळीतल्या माणसानं तो दिलाच असता.

नजर कुठं पडते हे घेण्याआधी बघा, हा माझा सगळ्यांत कामाचा सल्ला. हिची मान किंचित डावीकडं आणि खाली. छातीएवढ्या उंचीवर ठेवली तेव्हा दोन महिने ती माझ्या चपलांकडं बघत होती. खालच्या फळीवर आणली, आणि मी जमिनीवर जेवायला बसतो तिथून बरोबर नजरेला नजर भिडली. मूळ घडवणाऱ्यानं, इथं त्याला गेनकेइशी म्हणतात, ती कुठून बघायची हे ठरवूनच मान वळवलेली असते.

हात आखडता घेतलाय तो शर्टाच्या पाठीत. पुढून घड्या आहेत, घड्यांत गडद करडी छटा आहे. पाठीला एकच सपाट करडा, वाटीभर जागा, नुसता फवारा मारलेला. उजव्या बाहीच्या मागं सांध्याची रेघ आहे, मला तर ती बघितल्यावर घासायला कागद घ्यावासा वाटतो. बुटाच्या टाचेला काळा रंग ओघळून वाळलाय. १/७ वर हे तिन्ही दोष मी माफ केले असते, नव्हे, दिसलेच नसते.

ठेवायची कुठं? नेहमीच्या काचेच्या कपाटात दोन फळ्यांमध्ये साधारण ३७ सेंटिमीटर असतात. म्हणजे डोकं अडकणार. मधली फळी काढली तर वरच्या फिगरचं काय करायचं. शेवटी पुस्तकांच्या मांडणीचा खालचा खण रिकामा केला. पुस्तकं आता पलंगाखाली आहेत, त्याबद्दल बायकोचं मत मी इथं लिहीत नाही.

भूकंपाची धास्ती होती. बैठकीच्या चार कोपऱ्यांना भूकंपरोधक जेल लावलंय, पारदर्शक, चिकट, हंड्रेड येनच्या दुकानात मिळतं. एका रात्री बऱ्यापैकी हादरा बसला. लहान तिघींतली एक आडवी झाली. ही जागची हलली नाही, पण शेपट्या मात्र नंतर मिनिटभर डुलत राहिल्या. अंधारात ते बघणं फार सुखाचं नव्हतं.

मे महिन्यात आई आली. पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, “अरे, हिला बसवत का नाहीस? सारखी एका पायावर उभी, पाय नाही का दुखणार तिचा?” आम्ही हसलो. जुलैत मला कळलं की आईचं बरोबर होतं.

अशा फिगर मुख्यतः पीव्हीसीच्या असतात, बैठक आणि कडक भाग एबीएस या टणक प्लास्टिकचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि उष्णता वाढली की ते आणखी मऊ पडतं. टोकियोच्या उन्हाळ्यात बंद घर पस्तीसच्या वर सहज जातं, आम्ही दिवसभर कामावर, एसी बंद. हिचा भार जवळपास सगळा डाव्या पायावर. सुरुवातीला उजव्या शेपटीचं टोक फळीपासून ३१ मिलिमीटरवर होतं, आणल्या दिवशी हौसेनं मोजून ठेवलेलं. जूनअखेर २९. ऑगस्टच्या मध्याला २२. डोळ्याला काही कळत नव्हतं, वाकणं इतकं सावकाश होतं. शेवटी दोऱ्याला नट बांधून गवंड्याचा ओळंबा केला, मांडणीच्या खिळ्याला टांगला, आणि घोट्यापासून डोक्यापर्यंतचा कल स्वच्छ दिसला. कंपनीनं पायात जी धातूची खुंटी दिलीय ती घोट्याच्या खालीच संपते. चार बोटं वर गेली असती तर हे झालंच नसतं. शिव्यांचा काळ तो हाच.

दुरुस्ती घाबरत घाबरत केली. बैठकीवरून उतरवली, किटली ६५ अंशांवर लावली, डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत मिनिटभर पाण्यात धरला. प्लास्टिक शिजलेल्या शेवयांइतकं मऊ होत नाही, पण दाब मानतं. जेवढं वाकलं होतं त्याच्या किंचित पलीकडं उलटं धरून ठेवलं आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलं. रंगाला काही झालं नाही. शेपटीला केस वाळवायचा ड्रायर, लांबून. मग शेपटीखाली अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक दांडी कापून टेकू दिला. टेकू मुळातच खोक्यात हवा होता.

आता उन्हाळ्यात दुपारी दोन तास एसी टायमरवर चालतो. बिलाचा आकडा आईला सांगितलेला नाही.

धूळ रोजची. कॅमेऱ्याचा रबरी फुगा आणि मेकअपचा मऊ ब्रश, यापलीकडं काही लागत नाही. ब्रश नवा आणा, घरातला उचलू नका. पावसाळी दमट दिवसांत अंगाला हात लावला तर किंचित चिकट लागतं, तो आतून बाहेर येणारा प्लास्टिसायझर. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि सावलीत वाळवायची. म्हणूनच खोक्यात बंद करून ठेवली म्हणजे सुरक्षित राहिली असं समजू नका. प्लास्टिकच्या कवचात तो चिकटपणा अडकून बसतो. खोकं मात्र टाकायचं नाही, विकताना निम्मी इज्जत खोक्याची असते. आमचं गाद्यांच्या कपाटात आहे, आणि पाहुण्यांची गादी कपाटाबाहेर.

भारतातून मागवणाऱ्यांना एक हिशोब. कुरिअर खरं वजन आणि जागेवरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. पन्नास गुणिले चाळीस गुणिले पस्तीस, भागिले पाच हजार, हा कुरिअरचा नेहमीचा भाजक: चौदा. अडीच किलोच्या खोक्याला चौदा किलोचं भाडं. वर सीमाशुल्क, आणि खेळणी म्हणून धरलं तर तो दर २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० वर गेला. पुण्याच्या मित्राला मी सरळ १/७ घ्यायला सांगितलं. त्याला राग आला. पण मी परत कधी पाव मापाची घेतली तर ती बसलेली घेईन, दोन्ही पाय जमिनीला टेकलेली.

ओळंबा अजून खिळ्यालाच आहे. या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, “बरा आहे का तिचा पाय?” मी पट्टी लावून दाखवली. ३० मिलिमीटर.