संभाव्यतेचं वर्कबुक : फासे झकास, पत्ते गंडलेत
लेकीसाठी अप्पा बळवंत चौकातून दहावीचं संभाव्यतेचं वर्कबुक आणलं, पातळसंच आहे पण दोन फाशांचा भाग एक नंबर, अख्खा 36 जोड्यांचा तक्ता छापलाय त्यामुळे बेरीज 7 यायच्या 6 जोड्या समोर दिसतात आणि 6/36 म्हणजे 1/6 का ते लगेच कळतं, नाहीतर पोरं 2 ते 12 अशा 11 बेरजा मोजतात आणि 1/11 लिहून मोकळी होतात. पत्त्यांचं मात्र गंडलंय. चित्रपत्ते 12 च ना, गुलाम राणी राजा, म्हणजे 12/52 = 3/13, ह्यांनी उत्तरात एक्के पण धरून 4/13 छापलंय!! बोर्डात मार्क जातील राव. कागद बरा, खोडरबर घासलं तरी फाटत नाही. 3 स्टार.