टेस्टोस्टेरॉन जेल: आठ-नऊ महिने लावल्यावर

वय ६८, मुक्काम गुहागर तालुका. जुना मधुमेह, सुटलेलं पोट, सतत थकवा आणि 'तसली' इच्छा जवळपास संपलेली. दुपारी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांनी बाजूला सारला. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी जास्त असतं, म्हणून दहाच्या आत, उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी रक्त द्यायचं. म्हणजे पहाटेच्या एसटीने चिपळूण गाठणं आलं. आकडा दोन्ही वेळा २५० च्या खाली (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). ३०० च्या आत असेल तर कमी धरतात.

जेल एक टक्क्याचं. ५ ग्रॅमच्या पुडीत ५० मिलिग्रॅम औषध. रोज सकाळी आंघोळीनंतर कोरड्या खांद्यांना आणि दंडांना लावायचं. आता वैशाखात आपल्याकडे अंग कोरडं कधी होतं, ते कंपनीने येऊन दाखवावं. लावल्यावर पाच-सहा तास पुन्हा आंघोळ नाही. त्याहून जाच म्हणजे उघड्या अंगाने बसायचं नाही. बायकामुलांच्या अंगाला हे लागलं तर बाईला दाढीमिशीसारखे केस येऊ शकतात, पोरांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणं दिसतात. त्यामुळे नातवंडं सुट्टीला आली की पडवीतही अंगात सदरा. आमची ही म्हणाली, "उतारवयात सभ्य झालात हो!"

गुण? इच्छा महिन्याभरात परतली. हिमोग्लोबिनही वाढलं. पण जोम, उत्साह म्हणाल तर नावापुरताच. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ७८८ पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे निकाल २०१६ मध्ये आले, त्यातही हेच दिसलं: लैंगिक बाजू सुधारली, मन थोडं हलकं झालं, उत्साहात ठळक फरक नाही. जाहिरातवाले मात्र नेमका उत्साहच विकतात. माझा दम वाढला तो साखर आटोक्यात आल्यावर आणि बंदरापर्यंत चालायला लागल्यावर. पोट उतरलं की हे हार्मोन आपोआपही थोडं वर येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

रक्त दाट होतं, हा मुख्य धोका. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात. सोबत पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी, तपासावं लागतं. २०२३ च्या मोठ्या अभ्यासात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात गुठळी अडकणं जास्त आढळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर हे वर्ज्य. मूल हवं असलेल्या तरुणांनीही लांब राहावं, शुक्राणू घटतात.

पाचपैकी तीन तारे. पावसाळा सरला की पुन्हा रक्त तपासायचंय, तोवर चालू ठेवतोय.