आठ महिने लिनक्स मिंटवर: अंबाजोगाईतल्या टायपिंगच्या दुकानातून

दिवाळीच्या पाडव्याला दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. ही विंडोजऐवजी चालणारी ओपन सोर्स, म्हणजे खुली ऑपरेटिंग सिस्टीम. आता मृग लागलाय. मधल्या काळात अख्खी लग्नसराई, शाळांचे निकाल आणि दाखल्यांची गर्दी त्याच मशीनवर निघाली, म्हणून आता खात्रीनं लिहिता येतंय.

आमचं दुकान अंबाजोगाईत. झेरॉक्स, मराठी टायपिंग, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म अशी कामं. मशीन २०१४ चं, चौथ्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचं मशीन त्यात बसत नव्हतं. लोकांची आधारकार्डं आणि पासबुकं ज्या मशीनवर उघडतात तिथं सुरक्षेचे अपडेट येणं बंद व्हावं, हे मला पटेना. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलेलं, आणि आमच्याकडे शेतात पैसा नसला की दुकानातही नसतो. नवीन कॉम्प्युटरचा विचार तिथंच थांबला.

भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पेनड्राइव्हवर मिंट २२.२ आणून दिलं. कमी रॅमसाठी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. हिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरूनच आधी चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. मी दोन दिवस तसंच वापरलं आणि मगच टाकायला सांगितलं. सोबत २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवली. वेग वाढला त्यात एसएसडीचा वाटा मोठा आहे; सगळं श्रेय मिंटला देणं बरोबर होणार नाही. पण बटण दाबल्यापासून पहिला फॉर्म उघडेपर्यंत एक मिनिटही लागत नाही. गेला बाजार, लाइट गेली आणि परत आली तरी गिऱ्हाईक ताटकळत बसत नाही.

फॉर्मची कामं बहुतेक ब्राउझरमध्येच होतात, त्यामुळे तिथं शिकण्यासारखं काही नव्हतं. मदतीला येणारी बारावीची मुलगी दुसऱ्या दिवसापासून सराईतपणे काम करायला लागली. तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं सांगायचंय ते मराठीबद्दल. कीबोर्डच्या यादीत भारताखाली मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी, तयारच असते, वेगळं काही विकत घ्यायचं नाही, सॉफ्टवेअरच्या परवान्याचं डाँगल लावायचं नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त टाइप होणारा शब्द म्हणजे ‘शेतकऱ्यांना’. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, की तो अर्धा र बरोबर उमटतो. लिबर ऑफिसमध्ये (वर्डसारखं काम करणारं मोफत सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फाँट नीट निवडला की ल पाकळीचा येतो, श देठाचा येतो. हिंदी ठेवली तर हिंदी वळणाची अक्षरं येतात. इतकी वर्षं टायपिंग करतेय, पण ही सोय मला माहीतच नव्हती. निमंत्रणपत्रिकेवर आपलं अक्षर आपल्या वळणाचं दिसलं की फार बरं वाटतं.

आता जुन्या फायलींचं. २००८-०९ पासून जे टाइप केलं ते जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. त्यात देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ पासूनच आहेत, पण आमच्यासारख्या दुकानांपर्यंत ते पोहोचायला बराच काळ गेला. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी २००९ साली अशाच फाँटमध्ये उतरवून घेतल्या होत्या, दोनशेच्या वर. मिंटवर ती फाइल उघडली आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरं दिसली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

जुन्या मशीनमधली फाँटची फाइल आणून टाकल्यावर अक्षरं दिसायला लागली. पण तेवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. जुना फाँट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये घेतला. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर सरकलेल्या, ‘विठ्ठल’चा ‘वठ्ठिल’ झालेला, रफार भलतीकडे. मग हिवाळ्यात रोज रात्री जेवणं झाली की मी स्क्रीनवरून वाचायचे आणि सासूबाई सांगायच्या, “असं नाही माय, अशी आहे ती.” महिनाभर लागला. मधेच त्यांना पूर्वी न सांगितलेल्या अकरा ओव्या आठवल्या, त्याही उतरवल्या. आता ती फाइल ओडीएफमध्ये, म्हणजे लिबर ऑफिसच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये आहे. हा खुला फॉरमॅट आहे, तो कसा बनलाय हे कुणालाही वाचता येतं. उद्या लिबर ऑफिस नसलं तरी दुसरं कुणी तो उघडणारं बनवू शकेल. ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या घरातला मजकूर कुणाच्या परवान्यावर अवलंबून नाही, हा त्याचा अर्थ मला या फाइलनं समजावला.

पत्रिकांसाठी इंकस्केप हे चित्र-डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरते. मराठी जोडाक्षरं चांगली येतात. अडचण रंगांची: इंकस्केपचं काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत चालतं आणि लातूरच्या ऑफसेटवाल्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईचे रंग लागतात. त्यामुळे मोठी ऑर्डर असेल तर शेवटची जुळवणी स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पीडीएफ देते. १.६ च्या आधीची आवृत्ती घेऊ नका, मराठी अक्षरजुळणीसाठी नवीनच लागते. जुन्या पत्रिकांच्या मूळ फायली मात्र अर्धवट उघडतात, मजकूर विस्कटतो. नेहमीचे सहा-सात नमुने मी नव्यानं काढले. लग्नसराईच्या तोंडावर हे काम करू नका, पौषात करा.

प्रिंटरनं सगळ्यात जास्त त्रास दिला. आमचा लेझर प्रिंटर एका मोठ्या कंपनीचा आहे, कागद ओढण्यात आजही पक्का. लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, जुनापुराणा. भाच्यानं फोनवर बसून एक रविवार घातला तेव्हा पहिलं पान आलं, आणि लाइट जाऊन आली की पुन्हा सगळं बंद. दहावीच्या निकालाच्या दिवशी दारात रांग आणि प्रिंट निघेना, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. शेवटी सेकंडहँड दुसरा प्रिंटर घेतला, पण या वेळी आधी ओपनप्रिंटिंगच्या यादीत, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरच्या यादीत, मॉडेल तपासून. ड्रायव्हरशिवाय चालणारा आहे, वायर लावली आणि चालू झाला. दोष लिनक्सचा म्हणावा तर तसं नाही. हार्डवेअर बनवणाऱ्यांनी माहिती खुली केली नाही की स्वयंसेवक तरी किती करणार?

आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्राचं तसंच. आमच्याकडच्या यंत्राची सेवा लिनक्सवर चालली नाही, म्हणून त्या कामापुरतं दुसरं मशीन विंडोजवर ठेवलंय. डिजिटल सहीचं टोकनही तिथंच. ज्यांचं मुख्य काम अंगठ्याचं आहे त्यांनी घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचं काम टायपिंग, फॉर्म, अभ्यास, व्हिडिओ एवढंच, त्यांना अडायचं कारण मला दिसत नाही. केरळात सरकारी शाळांतली लेकरं अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतायत. आपल्याकडच्या शाळांमध्ये धूळ खात पडलेली मशीन बघते तेव्हा जीव तुटतो.

वापरणाऱ्यांसाठी एक सांगते: टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची आधीची स्थिती जपून ठेवणारं साधन, पहिल्याच दिवशी चालू करा. फेब्रुवारीत मी चुकून ग्राफिक्सचा भलताच ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी झाली. आदल्या दिवशीच्या स्थितीवर वीस मिनिटांत परत आले. मात्र टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमच्या फायली नाही. त्यांची कॉपी वेगळी ठेवायची. ओव्यांची फाइल मी तीन ठिकाणी ठेवलीय.

शेजारच्या आशाताईंचा लॅपटॉप येत्या रविवारी करायचाय. त्यांना म्हटलंय, आधी घरच्या प्रिंटरचं मॉडेल लिहून आणा.